रात्रीची हाक

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत, उंब्रज येथे केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने कोणत्या तरी विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. आजवर इथे मुलांच्या आहाराविषयी बोलणे झाले, बचतीविषयी झाले. मागच्या खेपेला परसबागेची फार चांगली माहिती आपण ऐकली. यंदा माझी पाळी आली. चिटणीसबाईंनी विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "पिस्तुलावर बोलते." त्या दचकल्याच. म्हणाल्या, "अहो, हा महिला मंडळाचा कार्यक्रम आहे, पोलिसांची कवाईत नव्हे!" म्हणून आधीच सांगून टाकते की, माझे पिस्तूल कोणाला मारायचे नाही. त्यातून गोळी सुटत नाही, उजेड सुटतो. संकटात सापडलेल्या माणसाने ते आकाशाकडे धरून चाप ओढला, की एक लाल तारा सरसर वर चढतो आणि दूरच्या माणसाला कळते की, अमुक ठिकाणी कोणीतरी अडले आहे.

मी त्याला आपल्या बोलीत इशाऱ्याचे पिस्तूल म्हणते. नौदलात आणि पलटणीत त्याला व्हेरी पिस्तूल म्हणतात आणि त्यातून निघणाऱ्या ताऱ्याला व्हेरी लाइट. आपल्या सातारा जिल्ह्यात पलटणीत गेलेली माणसे घराघरांत आहेत. ज्यांचे आजे-पणजे मोठ्या लढायांवर जाऊन आले, त्यांच्या घरी हा शब्द कधी ना कधी कानांवरून गेला असेल.

हा विषय मला का सुचला, ते शेवटी सांगेन. ते सांगणे मला सोपे नाही, म्हणून आधी माहितीचे बोलून घेते.

उजेडाने निरोप धाडणे हे आपल्याला नवे नाही. १६७० च्या माघ महिन्यात तानाजी मालुसऱ्यांच्या माणसांनी कोंढाणा घेतला, तेव्हा गडावरच्या पागेला आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असे सभासदाच्या बखरीत सांगितले आहे. गड घेतल्याचे कळवायला त्या रात्री जासूद दौडवावा लागला नाही. यातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. राजगडावर त्या दिशेकडे डोळे लावलेले कोणीतरी होते. आणि त्या आगीचा अर्थ त्याला उमगला. आग लावणारा एकटा पुरेसा नसतो. पाहणारा लागतो आणि समजणाराही लागतो.

आता ही रंगीत उजेडाची विद्या आजच्या रूपाला कशी आली, ते ऐका. मला स्वतःला हे वाचून फार नवल वाटले, कारण या विद्येच्या मुळाशी एक विधवा बाई आहे.

तिचे नाव मार्था कॉस्टन. अमेरिकेतली. जन्म १८२६ चा. अगदी लहान वयात तिचे लग्न झाले. नवरा बेंजामिन हा हुशार, खटपट्या तरुण. आरमाराच्या कारखान्यात दारूकामाचे प्रयोग करी. त्या प्रयोगांतल्या विषारी वाफांनी त्याची प्रकृती ढासळली आणि १८४८ साली तो वारला. मार्था तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची होती. पदरी चार लहान मुलगे. त्यानंतर थोड्याच काळात तिचे एक मूल गेले, आईही गेली. हाताशी पैसा नाही. एके दिवशी नवऱ्याचे कागद चाळताना तिला रात्रीच्या वेळी जहाजांनी एकमेकांना खुणा करण्यासाठी रंगीत ज्योती कशा करता येतील, याचे एक कच्चे टिपण सापडले. कच्चेच होते ते. त्याबरहुकूम केलेल्या ज्योती धड पेटल्याही नाहीत.

दुसरी एखादी असती तर तिने ते कागद गुंडाळून पेटीत ठेवले असते. हिने जवळजवळ दहा वर्षे त्या कामाला दिली. रसायनशास्त्र शिकलेली नव्हती, पण रसायने जाणणाऱ्या माणसांना कामाला लावून ती प्रयोग करवीत राहिली. पांढरा आणि लाल साधला, तिसरा रंग साधेना. १८५८ साली समुद्राखालून अमेरिकेपर्यंत तार पोहोचली, म्हणून न्यूयॉर्कला मोठी आतषबाजी झाली. ती पाहताना तिच्या मनात आले की, हे शोभेची दारू करणारे कारागीरच आपल्याला तिसरा रंग देतील. तिने त्यांना पत्रे लिहिली, पण पुरुषाच्या नावाने. कारण बाईचे पत्र कोण मनावर घेणार? तिला निळा हवा होता. अखेर चांगला झगझगीत हिरवा मिळाला, त्यावर तिने काम भागवले. पांढरा, लाल आणि हिरवा अशा तीन रंगांच्या जोडण्यांतून आकडे दाखवायचे, आणि आकड्यांवरून निरोप ओळखायचा, अशी तिची पद्धत होती. १८५९ साली त्याचे पेटंट मिळाले. पण त्यात शोध लावणारा म्हणून नाव पडले ते मेलेल्या नवऱ्याचे. तिच्या स्वतःच्या नावाने पेटंट निघायला १८७१ साल उजाडले.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तिथल्या सरकारने त्या वर्षी तिचे हक्क वीस हजार डॉलरना घेतले. तिने मागितले होते त्याच्या निम्मे. पुढे युद्धाच्या काळात आरमाराला या ज्योती पुरवताना तिला खर्चाइतकीही किंमत मिळाली नाही, आणि त्या पैशासाठी ती पुढे वर्षानुवर्षे भांडत राहिली. युद्धानंतर किनाऱ्यावर बुडत्या जहाजांना मदत करणाऱ्या चौक्यांनी त्याच ज्योती वापरल्या. वादळात अडकलेल्या खलाशांना किनाऱ्यावरची ज्योत दिसली, की आपल्याला कोणीतरी पाहिले आहे एवढे कळे. मार्थाबाईंनी १८८६ साली आपले आत्मचरित्रही लिहिले. १९०४ साली त्या वारल्या.

कॉस्टनबाईंची ज्योत हातात धरायची असे. ती वर आकाशात कशी न्यायची, हा प्रश्न राहिला होता. तो अमेरिकन आरमारातल्या एडवर्ड व्हेरी नावाच्या अधिकाऱ्याने १८७७ च्या सुमारास सोडवला. त्याने आखूड, रुंद नळीचे, एकबारी पिस्तूल केले. जुन्या काडतुसी बंदुकीप्रमाणे ते मध्ये मोडायचे, एक जाड काडतूस घालायचे, मिटवायचे, घोडा चढवायचा, हात सरळ वर करायचा आणि चाप ओढायचा. काडतुसातल्या थोड्याशा दारूने तारा वर फेकला जातो आणि जाता जाता पेट घेतो. आपल्या दिवाळीच्या बाणाचेच हे भावंड आहे. बाणाला आपण वात लावतो आणि तो स्वतःच्या दारूने वर जातो. इथे पिस्तूल त्याला ढकलते. ताऱ्याला लाल रंग येतो तो स्ट्राँशियम या धातूच्या क्षारांनी, हिरवा येतो बेरियमने, आणि झगझगीतपणा मॅग्नेशियमच्या भुकटीने.

या पिस्तुलाच्या मर्यादाही सांगते. लहान होड्यांवर जे छोट्या नळीचे पिस्तूल असते, त्याचा तारा शंभर मीटरच्या आसपास वर जातो आणि सहा-सात सेकंदांत विझतो. तेवढ्यात तुम्ही चहाचा एक घोट घ्याल. मोठ्या जहाजांवर त्याहून मोठे बाण असतात. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ते तीनशे मीटर तरी वर गेले पाहिजेत, आणि छोट्या छत्रीला लोंबकळत चाळीस सेकंद तरी जळले पाहिजेत. हातात धरायची लाल ज्योत एक मिनिट जळते. दिवसा उन्हात तारा फिका पडतो, म्हणून दिवसासाठी नारिंगी धुराची नळकांडी असतात. या साऱ्या सामानाला मुदत असते, साधारण तीन-साडेतीन वर्षांची. ओल लागलेली दारू ऐन वेळी दगा देते.

म्हणून जाणते लोक सांगतात की, हे पिस्तूल भीतीच्या पोटी पहिल्याच क्षणी उडवू नये. कोणीतरी पाहील असा संभव दिसला, म्हणजे दूर होडीचा दिवा दिसला किंवा विमानाची घरघर ऐकू आली, म्हणजे उडवावे; आणि एकामागोमाग दोन उडवावेत. पहिल्याने माणसाची मान वर होते, "काय चमकले?" असे तो म्हणतो. दुसऱ्याने त्याला दिशा कळते. आपण नाही का, शेताच्या बांधावरून हाक मारताना आधी लांब "ओऽ" म्हणतो आणि तो वळून बघायला लागला की मग कामाचे बोलतो? तसेच हे आहे.

आणि ही विस्तवाशी गाठ आहे, हेही विसरता कामा नये. १९७१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी एका मोठ्या करमणुकीच्या इमारतीत गाण्याचा कार्यक्रम चालू असताना कोणा एका दीडशहाण्याने असले पिस्तूल आत उडवले. तारा छताला लागला आणि सारी इमारत जळून गेली. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात डोंगर वाळलेल्या गवताने पिवळे झालेले असतात. तिथे एक तारा विझण्यापूर्वी खाली पडला, तर वणवा लागायला वेळ लागणार नाही. शिवाय नळीतून दारूच्या जोराने काही फेकणारी वस्तू म्हटली की १९५९ चा शस्त्रांचा कायदा आलाच. पोलिसांना विचारल्यावाचून ती घ्यायची नाही. तेव्हा कोणी घरी जाऊन यजमानांना "मला पिस्तूल आणा" म्हणू नका. मी ते आणा म्हणायला उभी राहिलेली नाही.

मग कशाला उभी राहिले? तर हाक आणि हाकेला ओ, या दोन गोष्टी जुळल्या नाहीत म्हणजे काय होते, याच्या तीन गोष्टी मला सांगायच्या आहेत.

पहिली आपल्याच मुलखातली. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला एक महिना उरला होता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठ वाजता 'रामदास' नावाची आगबोट रेवसला निघाली. अमावस्येच्या सणाला घरी जाणारे चाकरमाने, बायकामुले, व्यापारी यांनी ती भरली होती. अर्ध्या-पाऊण तासात, काशाच्या खडकाजवळ, वादळी लाटांनी ती कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. मुंबई शहर तिथून हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ. पण बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. रेवसकडून मासळी घेऊन निघालेल्या कोळी बांधवांनी मासळी समुद्रात फेकून दिली आणि मिळतील तितकी माणसे होड्यांत ओढून घेतली. जी थोडी वाचली, त्यांतली बरीच त्यांच्यामुळे. मुंबईला मात्र दुपार टळून गेली तरी पत्ता नव्हता. एक लहान मुलगा तरंगत मुंबईच्या किनाऱ्याला लागला, त्याने सांगितले तेव्हा कळले. इथे हाकच गेली नाही.

दुसरी गोष्ट त्या प्रसिद्ध टायटॅनिकची. १९१२ च्या एप्रिलात, १४ तारखेच्या रात्री ती हिमनगावर आदळली. तिने मदतीसाठी आकाशात पांढरे बाण सोडले, एकामागून एक आठ. काही मैलांवर 'कॅलिफोर्नियन' नावाचे दुसरे जहाज बर्फामुळे थांबून होते. त्यावरच्या पहारेकऱ्यांना ते बाण दिसले. होय, दिसले! त्यांनी कप्तानाला कळवलेही. त्याने विचारले, "त्या कंपनीची आपापसांतली काही खूण असेल का?" कारण तेव्हा संकटाचा बाण कोणत्याही रंगाचा चाले, आणि कंपन्यांच्या खुणाही बाणांच्याच असत. त्यांनी दिवा लुकलुकवून पाहिला, उत्तर दिसले नाही. त्यांचा बिनतारी यंत्रावरचा माणूस झोपला होता. त्याला उजाडेपर्यंत कोणी उठवले नाही. दीड हजारांच्या आसपास माणसे गेली. इथे हाक गेली, डोळ्यांना दिसलीही, पण समजली नाही. आज समुद्रावर संकटाचा रंग लाल, असे सर्व देशांनी ठरवले आहे. शंका घ्यायला जागाच ठेवलेली नाही.

तिसरी गोष्ट आपल्या सर्वांना आठवत असेल. ३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव पहाटे डोंगराखाली गेले. दीडशेवर माणसे गेली. ती बातमी बाहेर कोणी आणली? एस.टी.च्या चालकाने. रोजच्या रस्त्याने तो गाडी घेऊन आला आणि पाहतो तो गावच जागेवर नाही! तिथे हाक मारायलाच कोणी उरले नव्हते. पण रोज जाणाऱ्या-येणाऱ्याची नजर शाबूत होती, म्हणून कळले. २०२१ च्या जुलैत आपल्या शेजारच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, तेव्हा रस्ते पाण्याखाली होते आणि मदत पोहोचायला वेळ लागला, हे तर आपल्यातल्या कित्येकींच्या माहेरचे दुःख आहे.

आता माझी गोष्ट सांगते.

तारळी आपल्या गावाशी कृष्णेला मिळते, हे आपले भाग्य; पण दोन्ही नद्या एकदम भरल्या की मधल्या ओढ्या-ओघळींतून पाणी मागे फुगते आणि मळ्यातल्या वस्त्या गावापासून तुटतात. २०१९ च्या ऑगस्टातला पूर आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या दिवसांतली एक रात्र. वीज नव्हती. मोबाइल मुके झाले होते. पावसाची झड चालूच. रात्री दोनच्या सुमारास मी पाणी कोठवर आले ते पाहायला माडीच्या खिडकीशी आले. पाण्यापलीकडे एका वस्तीवर मला बॅटरीचा उजेड दिसला. कधी वर, कधी खाली होत होता. मधूनच विझायचा, पुन्हा लागायचा. मी थोडा वेळ पाहिला. माझ्या मनात आले, काठावरची पाण्याची मोटार वर ओढून घेत असतील बिचारे. पुरात आपले सगळेच ते करतात. मी यजमानांना तेच सांगितले आणि खिडकी लावून घेतली.

सकाळी कळले. त्या घरच्या सासूबाई जमिनीवर अंथरूण टाकून निजल्या होत्या. पुराने बिळे भरली की सापजनावर घरात येते. त्यांना मण्यार चावली. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. माणूस हळूहळू जड होत जातो. त्यांच्या सूनबाईंनी आणि मुलाने गावाच्या दिशेने तोंड करून दोन तास बॅटरी हलवली, ओरडले, ताट बडवले. पाण्याच्या आवाजात ताट कोठले ऐकू येणार? उजाडल्यावर माणसे पोहोचली, त्यांना अलीकडे आणले. पण कराडच्या वाटेवरच त्यांचा श्वास थांबला.

त्या सूनबाई आज इथे बसल्या आहेत. हे सांगू का, असे मी त्यांना आधी विचारले. त्या म्हणाल्या, "सांगा वहिनी, पण रडू नका." म्हणून मी रडत नाही.

आपण रात्री कळवले असते, तर त्या वाचल्या असत्या असे छातीवर हात ठेवून कोणी म्हणू शकणार नाही. रात्रीच्या त्या पाण्यात माणूस घालणे म्हणजे आणखी जीव धोक्यात घालणे होते. पण चार तास आधी हालचाल सुरू झाली असती, एवढे खरे. आणि निदान माझ्या खिडकीतून मी माझी बॅटरी तीनदा हलवली असती, तर त्या घराला कळले असते की कोणीतरी पाहिले आहे. ते दोन तास त्यांनी काळ्या पाण्याकडे बघत काढले नसते. कॅलिफोर्नियनवरच्या माणसांची गोष्ट मी पुढे वाचली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी त्यांना नावे ठेवू शकले नाही. उजेड मलाही दिसला होता.

आता समजा, त्या वस्तीवर इशाऱ्याचे पिस्तूल असते आणि त्यांनी लाल तारा उडवला असता. मी काय म्हटले असते? "बाई, एवढ्या पुरात कोणाची वरात निघाली!" आपल्या गावात लग्नात बाण उडतात, निवडणूक जिंकली तरी उडतात, सामना जिंकला तरी उडतात. आकाशातल्या लाल ताऱ्याला आपल्याकडे काही अर्थच उरलेला नाही. समुद्रावर त्याला अर्थ आहे, कारण तिथे सर्वांनी मिळून तो ठरवला आहे. तेव्हा आपल्याला पिस्तूल नको. आपल्याला ठरवणे हवे आहे.

आणि ठरवण्यासाठी काही नवे शोधायचेही कारण नाही. डोंगर चढणाऱ्या लोकांनी एक खूण फार पूर्वी ठरवली आहे. क्लिंटन डेंट नावाच्या इंग्रज गिर्यारोहकाने १८९४ साली ती सुचवली आणि आल्प्स पर्वतात ती रुजली. एका मिनिटात सहा वेळा इशारा करायचा, म्हणजे दर दहा सेकंदांनी एकदा, मग एक मिनिट थांबायचे, पुन्हा सहा. इशारा कशाचाही चालतो. रात्री बॅटरी, धुक्यात शिट्टी, दिवसा एखादे लुगडे किंवा धोतर हलवावे. ज्याला दिसेल त्याने मिनिटात तीन वेळा उलट इशारा करायचा. सहा म्हणजे "मला मदत हवी", तीन म्हणजे "पाहिले, येतो." एवढे सोपे आहे. लहान मुलाला पाच मिनिटांत येईल. मोटार ओढणाऱ्या माणसाचा उजेड कधी असा मोजून सहा वेळा लागत नाही. म्हणून चूक व्हायची नाही.

मी आपल्या मंडळापुढे चार गोष्टी ठेवते.

पहिली, मळ्यातल्या प्रत्येक वस्तीवर एक चांगली बॅटरी आणि एक शिट्टी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असावी. ती शेतावर न्यायची नाही, मुलांनी खेळायला घ्यायची नाही. बॅटरीचे सेल दर अमावस्येला पाहायचे. अमावस्या आपल्याला विसरत नाही, म्हणून सेलही विसरणार नाहीत.

दुसरी, गावातल्या ज्या घरांच्या माड्या नदीकडे तोंड करून आहेत, त्यांनी पुराच्या दिवसांत रात्री पाळीने एकदा तरी वस्त्यांकडे नजर टाकावी. माझ्या खिडकीपासून सुरुवात करते. राजगडावरची नजर हीच.

तिसरी, सहाचा इशारा दिसला की करायचे काय, याचा क्रम ठरलेला असावा. आधी तीनने उत्तर. मग फोन चालू असेल तर एकशेबाराला, आणि आजारी माणूस असेल तर एकशेआठला. फोन बंद असेल तर पोलीस पाटलांच्या दारात माणूस पाठवायचा. शेजाऱ्यांना उठवायचे. आणि रात्रीच्या पाण्यात एकट्याने उडी घ्यायची नाही, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो. साप चावला असेल तर मंत्रतंत्र, चिरा देणे, करकचून बांधणे यांत वेळ दवडायचा नाही; माणसाला स्थिर निजवून दवाखान्यात न्यायचे. विषावरची लस तिथेच मिळते.

चौथी, दर वर्षी मृग निघण्यापूर्वी एका रात्री याची रंगीत तालीम व्हावी. सहा मोजायचे आणि तीनने ओ द्यायची, हे हातांत बसले पाहिजे. ऐन वेळी मनुष्य घाबरतो. हाताला सवय असली तर मोजणी चुकत नाही. समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक आपल्या गावात आहे. संकटात धावून जाणारा म्हणून आपण त्याला नमस्कार करतो. त्याच्या देवळात सर्वांनी जमून तिथून तालमीला सुरुवात करावी, असे मला वाटते.

यांतल्या कशालाही मोठा खर्च नाही. कॉस्टनबाईंना रंग सापडायला दहा वर्षे लागली. आपल्याला फक्त एकमत करायचे आहे. आपल्यापैकी कोणी म्हणेल, आता मोबाइल घरोघर आहेत, गावात सुरक्षा यंत्रणेचे फोनही येतात, मग हे कशाला? ते सारे चांगलेच आहे आणि आधी तेच वापरायचे. पण ज्या रात्री गरज पडली, त्या रात्री ते मुके होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

ही सभा संपल्यावर सूनबाई आणि मी, आम्ही दोघी दाराशी वही घेऊन बसणार आहोत. ज्यांच्या वस्त्या पाण्याच्या पलीकडे आहेत त्यांनी, आणि ज्यांच्या खिडक्या पाण्याकडे उघडतात त्यांनी, आपापली नावे लिहून द्यावीत. म्हणजे कोणाच्या इशाऱ्यावर कोणी लक्ष ठेवायचे, याच्या जोड्या आजच लावता येतील. पहिली जोडी आमच्या दोघींची लिहून झाली आहे.